तलावाचा गॅस हीटर तासाभरात बंद पडतो? मोठा हीटर घेण्याआधी घड्याळ लावून बघा

तक्रार ठरलेली असते. सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे जानेवारीतले, दिवस जवळ आले, पाहुणे येणार म्हणून बंगल्यातल्या किंवा शेतावरच्या स्विमिंग टँकचा हीटर लावला. पहिल्या झटक्यात पेटला. तासाभराने जाऊन बघावं तर पडद्यावर एरर आणि पाणी होतं तितकंच गार. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येतो तेव्हा हीटर शहाण्यासारखा सुरू होतो. मग अंदाजाने इग्नायटर बदलला जातो, पुढच्या वर्षी बोर्ड, त्याच्या पुढच्या वर्षी गॅस व्हॉल्व्ह. शेवटी कुणीतरी सांगतं, "अहो, हीटर लहान पडतोय, दोन लाख बीटीयूचा काढा आणि चार लाखाचा बसवा." (बीटीयू हे हीटरच्या ताकदीचं माप.) तो बसवला, तर अर्ध्या तासात बंद!

मोठा हीटर आधीच्यापेक्षा लवकर बंद पडतो, यातच दोष कुठे आहे ते कळतं. म्हणून पान्हा हातात घेण्याआधी घड्याळ लावा आणि हीटर पेटल्यापासून बंद पडेपर्यंत किती वेळ जातो ते दोन-तीनदा लिहून ठेवा.

पेटून पाच-दहा सेकंदांत विझत असेल तर पाणी आणि सिलिंडर दोन्ही निर्दोष आहेत. हीटरला ज्योत "दिसत" नाहीये. ज्योतीतून अर्थिंगकडे जाणारा अगदी सूक्ष्म प्रवाह बोर्ड मोजत असतो. अर्थिंग ढिली असेल, फेज-न्यूट्रल उलटे असतील किंवा सेन्सरच्या काडीवर पांढरट थर बसला असेल, तर ज्योत असूनही बोर्ड गॅस तोडतो. काडी बारीक पॉलिश पेपरने पुसा आणि अर्थिंग तपासून घ्या. हीटर जनरेटरवर असताना पेटत नाही आणि महावितरणच्या लाइनवर व्यवस्थित चालतो, असं असेल तर जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नाही हे जवळपास नक्की समजा. या दोषापायी चांगले बोर्ड भंगारात जातात.

दोन ते दहा मिनिटांत बंद, थोड्या वेळाने आपोआप सुरू, पुन्हा बंद, असं चक्र असेल तर पाण्याची बाजू बघायची: प्रवाह कमी झालाय किंवा आत क्षार बसलाय.

अर्धा ते दीड तास नीट चालून मग मान टाकत असेल, आणि तास-दोन तासांनी पुन्हा तसाच नीट चालत असेल, तर हीटर गॅसविना उपाशी पडतोय. सोलापुरात आढळणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात फसवी.

आणि रात्रभर न थांबता चालूनही पाणी तापत नसेल, तर हीटर बिघडलेलाच नाही. तिथे हिशेब चुकलाय.

हीटर गॅसविना उपाशी का पडतो

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. बर्नरला लागते वाफ. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती सिलिंडरच्या पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून येते. घरच्या शेगडीला हे कधी जाणवत नाही, कारण तिची भूक ताशी शे-दोनशे ग्रॅमची. तलावाच्या हीटरचं गणित वेगळं आहे. १ किलो एलपीजीतून साधारण १२.७ किलोवॉट-तास उष्णता मिळते. २ लाख बीटीयूचा हीटर म्हणजे सुमारे ५९ किलोवॉट, त्याला ताशी ४.६ किलो गॅस लागतो. ४ लाखाचा म्हणजे ११७ किलोवॉट, ताशी ९ किलोच्या वर. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आपल्याकडच्या हिवाळी रात्री सलग देऊ शकतो ताशी अर्धा ते पाऊण किलो.

मग सुरुवातीला हीटर चालतो कसा? द्रव स्वतःच्या अंगातली उष्णता देऊन वाफ होतो आणि थंड होत जातो. दोन सिलिंडरवर ४ लाखाचा हीटर लावला, तर तासाभरात आतला द्रव २५-३० अंशांनी गार होईल इतकी ओढ असते. संध्याकाळी २० अंशांवर असलेला द्रव अर्ध्या तासात ५-६ अंशांवर येतो. आपल्या एलपीजीत ब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेले असतात आणि ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या जेमतेम खाली. द्रव इतका गार झाला की दाब उतरतो, ज्योत आखडते आणि हीटर एरर देऊन थांबतो. दोन लाखाच्या हीटरला याच घसरणीला दुप्पट वेळ लागतो, एवढाच दोघांत फरक. तास-दोन तास थांबलं की सिलिंडर हवेतून उष्णता घेतो, दाब सावरतो आणि मेकॅनिकसमोर हीटर गुपचूप पेटतो.

खात्री करणं सोपं आहे. हीटर बंद पडला की लगेच टॉर्च घेऊन सिलिंडरपाशी जा. पत्र्यावर दव साचलेलं दिसेल, कधी खालच्या भागात पांढरं हिव धरलेलं असेल. त्या हिवाची वरची कड म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. हात लावला तर वरचा भाग साधा गार आणि कडेखालचा बर्फासारखा लागतो. दिसलं ना, तर बोर्डाला हात लावू नका.

पक्का पुरावा हवा असेल तर गॅस फिटरकडून हीटरच्या टेस्ट पॉइंटवर पाण्याची यू-नळी लावून घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक सेंटिमीटरमध्ये मोजायचा. एलपीजीच्या बहुतेक हीटरला २८ ते ३५ सेंटिमीटर लागतात. नेमका आकडा हीटरच्या पाटीवर असतो. हीटर बंद असताना आलेला आकडा फारसं काही सांगत नाही. पूर्ण ज्योतीवर चालू असताना, पहिल्या मिनिटाला, अर्ध्या तासाने आणि बंद पडण्याच्या आधी असा तीनदा बघा. पहिल्या मिनिटालाच कमी असेल तर पाइप बारीक आहे किंवा रेग्युलेटर पुरत नाही. आधी ठीक असून हळूहळू उतरत असेल तर सिलिंडर कमी पडतायत.

यावर केले जाणारे काही उपाय आधी बंद करा. सिलिंडरवर उकळतं पाणी ओतणं, शेजारी शेगडी किंवा हॅलोजन ठेवणं, सिलिंडर आडवा करणं. आडव्या सिलिंडरमधून द्रव सरळ रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि बर्नरमधून ज्वाळा बाहेर येते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर या कामाला लावणं नियमात बसत नाही आणि त्याचा रेग्युलेटर एवढा गॅस सोडतही नाही.

खरा उपाय म्हणजे सिलिंडर वाढवून सगळे एकाच वेळी उघडे ठेवणं. एकामागून एक वापरले तर काही साधत नाही. इथे एक मर्यादा आड येते: सिलिंडरमधला एकूण एलपीजी साठा १०० किलोंपर्यंत असेल तर परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. १९ किलोचे पाच म्हणजे ९५ किलो. पाच सिलिंडर मिळून ताशी ३ किलोंच्या आसपास वाफ देतात, म्हणजे ३८ किलोवॉट, म्हणजे साधारण १ लाख ३० हजार बीटीयू. परवान्याशिवाय आणि व्हेपोरायझरशिवाय (द्रव गॅस तापवून त्याची वाफ करणारं यंत्र) घरी सलग चालू शकणाऱ्या हीटरची मर्यादा ही एवढीच. ४ लाखाचा हीटर विकणारा हा आकडा क्वचितच सांगतो.

द्रवरूपात गॅस देणारे सिलिंडर आणि विजेवरचा व्हेपोरायझर लावून ही मर्यादा ओलांडता येते. हॉटेल-लॉनला ते परवडतं. घरच्या तलावासाठी आम्ही सुचवणार नाही. देखभाल करणारा माणूस नसेल तर ते यंत्र हीटरपेक्षा जास्त डोकेदुखी देतं.

माप काढताना लिटरवर थांबू नका

उदाहरणाला ८ मीटर बाय ४ मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर असा तलाव घ्या. ४० हजार लिटर. पृष्ठभाग ३२ चौरस मीटर.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी. जानेवारीत न तापवलेलं पाणी २२ अंशांवर आहे आणि २८ हवंय, तर ४०,००० गुणिले ६, म्हणजे २ लाख ४० हजार किलोकॅलरी, म्हणजे २७९ किलोवॉट-तास. बहुतेक जण इथवर येतात, "चार तासांत तापलं पाहिजे" म्हणतात आणि चाराने भागून अवाढव्य हीटर मागवतात. चार तास कशासाठी? पोहायचं उद्या आहे. बारा तास दिले तर २३ किलोवॉट पुरतात.

आता गळती. तलावाची उष्णता भिंतींतून फारशी जात नाही. ती जाते वरून, आणि तीही मुख्यतः बाष्पीभवनाने. सोलापूरची हिवाळी हवा कोरडी, शेतावर वाऱ्याला अडवायला काही नाही. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते. तुमच्या तलावात किती जाते हे अंदाजाने धरू नका, मोजा. तलावाच्या पायरीवर एक बादली ठेवा. तिचं तोंड पाण्याच्या वर राहील, बाकीचा भाग पाण्यात बुडेल आणि ती तरंगू नये म्हणून तळाशी वीट असेल. बादलीत तलावाच्याच पातळीएवढं पाणी भरून आत-बाहेर खुणा करा. पंप नेहमीसारखा चालू द्या, पण त्या दिवशी तलावात पाणी सोडू नका आणि कुणाला उतरू देऊ नका. २४ तासांनी बादलीतलं पाणी जितके मिलिमीटर उतरलं ते बाष्पीभवन. बाहेरचं त्याहून जास्त उतरलं असेल तर वरचा फरक ही गळती आहे आणि तुम्ही गरम पाणी जमिनीत जिरवताय. तसं असेल तर हीटरचा विषय आधी बाजूला ठेवा.

समजा बादलीत ६ मिलिमीटर उतरलं. ३२ चौरस मीटरवर ६ मिलिमीटर म्हणजे १९२ लिटर. गुणिले ५८०, म्हणजे दिवसाला १ लाख ११ हजार किलोकॅलरी. एवढ्याने ४० हजार लिटर पाणी पावणेतीन अंशांनी उतरतं. दिवसा ऊन त्यातलं काही भरून काढतं, रात्री कुणी भरत नाही. हवेला आणि आकाशाकडे जाणारी उष्णता धरून, उघड्या तलावाची रात्रीची गळती दर चौरस मीटरला ३०० वॉटच्या आसपास धरावी. ३२ चौरस मीटरला जवळपास १० किलोवॉट. आच्छादन घातलं तर ती निम्म्याहून खाली येते; ४ किलोवॉट धरू.

म्हणजे आच्छादनासह २३ आणि ४ मिळून २७ किलोवॉट पाण्यात गेले पाहिजेत. साध्या हीटरची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर जळायला हवेत ३३ किलोवॉट, सुमारे १ लाख १३ हजार बीटीयू, ताशी २.६ किलो गॅस. पाच सिलिंडर हे आरामात पेलतात. आच्छादन नसेल तर तोच आकडा ४० किलोवॉटवर आणि ३.२ किलोवर जातो, मर्यादेच्या पलीकडे. आच्छादन हा खर्चिक चैनीचा भाग वाटतो खरा, पण हीटर निवडताना तो हीटरचाच एक भाग धरावा.

बारा तासांत ३१ किलो गॅस जळेल, १९ किलोचे दीडाहून जास्त सिलिंडर. आजच्या भावाने गुणा आणि मग ठरवा. महिन्यातून दोन-तीनदा पाहुण्यांसाठी तापवायचं असेल तर गॅस ठीक. रोज पोहणारं घर असेल तर गॅसच्या नादाला न लागता हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं विजेवरचं यंत्र) बघा. आपल्याकडे दुपारी हवा ३० अंशांच्या आसपास असते, हीट पंपाला याहून चांगली हवा मिळत नाही.

पाटी वाचताना एक जपा. अमेरिकी बनावटीच्या हीटरवरचा बीटीयू हा जळणाचा आकडा असतो, पाण्यात जाणारा नाही. काही कंपन्या किलोवॉट लिहितात आणि तो पाण्यात जाणारा असतो. दोन कोटेशनची तुलना करताना दोन्ही एकाच मापात आणा. उंचीमुळे क्षमता कमी धरण्याचा नियम ६०० मीटरच्या वर लागू होतो. सोलापूर साडेचारशेच्या आसपास आहे, त्यामुळे ती वजावट कुणी दाखवत असेल तर खोडून टाका.

बोअरचं पाणी आणि तांब्याची नळी

आता दोन ते दहा मिनिटांत बंद पडणारे हीटर. आधी सँड फिल्टरचा गेज बघा. स्वच्छ असताना असतो त्यापेक्षा अर्धा ते पाऊण बार जास्त दाखवत असेल तर बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग आवाज ऐका. पिठल्याला उकळी फुटल्यावर होतो तसा बुडबुड-फटफट आवाज हीटरच्या पोटातून येत असेल तर नळ्यांत क्षार आहे. क्षाराखाली तांबं तापतं, पाणी जागच्या जागी उकळतं आणि अतितापाचा स्विच गॅस तोडतो.

याचं मूळ तलाव भरण्यात आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा ४० हजार लिटर भरायचे तर बोअर किंवा टँकर. इथल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड. तलावासाठी कॅल्शियम कठीणपणा २०० ते ४०० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असावा. समजा तुमच्या बोअरचा ७०० आहे. रोज १९२ लिटर पाणी उडून जातं पण क्षार मागेच राहतो, आणि भर म्हणून पुन्हा तेच बोअरचं पाणी येतं. २०० लिटरमागे १४० ग्रॅम क्षार. महिन्याला ४.२ किलो. ४० हजार लिटरमध्ये दर महिन्याला १०५ पीपीएमची वाढ, काहीही न करता! त्यात साधी ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर तिच्यातला चुना वेगळा.

कठीणपणा उतरवणारं औषध म्हणून जे विकतात त्यावर पैसे घालू नका. मऊ पाणी मिसळणं हाच मार्ग. ७०० चं ४०० करायला १५० पीपीएमचं पाणी साधारण २२ हजार लिटर लागेल, म्हणजे १० हजारांचे दोन टँकर आणि वर थोडं. पावसाळ्यात गच्चीचं पाणी तलावात वळवता आलं तर हे काम फुकटात होतं. पुढे रोजच्या भरीच्या नळावर एक छोटा मिठाचा सॉफ्टनर बसवा. टॉवेल-चादरीच्या प्रोसेसिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, बॉयलरला बोअरचं पाणी थेट कुणी देत नाही. हीटर हा छोटा बॉयलरच. फक्त भर सॉफ्ट करायची, सगळा तलाव नाही. पाण्यात कॅल्शियम अजिबात नसेल तर ते सिमेंटच्या सांध्यांतून ओढून घेतं.

आत बसलेला क्षार काढायला लिंबूसत्त्व चांगलं. हीटरचा गॅस आणि वीज बंद करा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, २० लिटर पाण्यात १ किलो लिंबूसत्त्व विरघळवा आणि छोट्या पंपाने पाऊण तास फिरवत ठेवा. परतीच्या नळीतून आधी फेस येतो, गढूळ पाणी येतं. फेस थांबला की ताकद संपली किंवा क्षार संपला. ताजं द्रावण घालून पुन्हा फेस येतो का बघा. मग साध्या पाण्याने भरपूर धुवा. फरशीचं ॲसिड नको. ते क्षाराबरोबर तांबंही खातं आणि नळी कुठे पातळ झाली ते पुढच्या गळतीपर्यंत कळत नाही.

उलटी चूकही होते. पीएच ७.२ च्या खाली गेला, किंवा क्लोरीनच्या गोळ्या स्किमरमध्ये (वरचा कचरा ओढणाऱ्या तोंडात) टाकून ठेवल्या, तर आम्लट पाणी सरळ हीटरमधून जातं. भिंतीवर निळसर-हिरवे ओघळ दिसले तर ते शेवाळ समजून घासत बसू नका, ते तुमच्या हीटरचं तांबं आहे. जड पाण्यात पीएच ७.२ ते ७.४ च्या पट्ट्यात ठेवावा. तलाव मिठाचा (मिठापासून क्लोरीन बनवणारा) असेल तर नवा हीटर क्युप्रोनिकेल, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या, नळ्यांचाच घ्या.

हीटर खरंच किती उष्णता देतोय हे मोजायला दोन थर्मामीटर पुरतात. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान, आणि मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते. लिटर गुणिले ६० गुणिले अंशांचा फरक, उत्तर ताशी किलोकॅलरीत. मिनिटाला १०० लिटर आणि फरक ४.५ अंश असेल तर २७ हजार किलोकॅलरी, म्हणजे ३१ किलोवॉट. पाटीवरच्या जळणाच्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास हे यायला हवं. बरंच कमी आलं आणि गॅसचा दाब ठीक असेल तर नळ्या आतून क्षाराने किंवा बाहेरून काजळीने भरल्यात.

काजळी असेल तर ज्योत पिवळी दिसते. हवा कोंडली असेल, किंवा हीटर नैसर्गिक वायूचा असून एलपीजीवर चालवला असेल. जुना हीटर बाहेरगावाहून स्वस्तात आणलेला असला की हे हमखास. एलपीजीत तेवढ्याच घनफळात अडीचपट उष्णता असते, म्हणून नोझल बारीक लागतात. कंपनीचा रूपांतर संच मिळत नसेल तर तो हीटर घेऊ नका. ड्रिलने नोझल मोठं करता येतं, बारीक नाही.

बदलताना: आधी खड्डा बघा

आपल्याकडे पंपखोली बहुतेक वेळा तलावालगत जमिनीखाली, लोखंडी झाकणाखाली असते. जुना विजेचा हीटर तिथे होता म्हणून गॅसचाही तिथेच बसवतात. हे करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर वर उडून जात नाही, खड्ड्यात पाण्यासारखा साचतो आणि पंपाच्या स्विचची एक ठिणगी पुरते. शिवाय ज्वलनाला हवा मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच कोंडतो. हीटर उघड्यावर, सपाट सिमेंटच्या ओट्यावर, खिडकीपासून दूर. सिलिंडर त्याच्यापासून किमान ३ मीटरवर, चारी बाजू मोकळ्या असलेल्या पत्र्याच्या सावलीत, आणि आसपास गटाराचं तोंड किंवा पंपाचा खड्डा नको.

खड्ड्याचा आणखी एक त्रास आहे. हीटरमध्ये पाणी वाहतंय का हे दाबाच्या स्विचवरून ठरतं आणि तो साधारण २ पीएसआयला जुळतो. हीटर पाण्याच्या पातळीपेक्षा २ मीटर खाली असेल तर पंप बंद असतानाही तिथे २.८ पीएसआय दाब असतोच. स्विचला वाटतं पाणी वाहतंय. वीज गेली-आली, पंप अडकला, तरी हीटर पेटतो आणि थांबलेलं पाणी उकळून नळ्या वाकवतो. ओटा पातळीच्या खालीच घ्यावा लागत असेल तर दाबाच्या स्विचबरोबर खरा फ्लो स्विच लावल्याशिवाय गॅस जोडू नका.

क्रम पंप, फिल्टर, हीटर, मग क्लोरीन. हीटर आणि क्लोरिनेटरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास आत्ताच करून घ्या, नाहीतर लिंबूसत्त्वाच्या वेळी पाइप कापावा लागेल. हीटरच्या दोन्ही तोंडांना पहिला मीटरभर पाइप सीपीव्हीसी किंवा धातूचा. साधा पीव्हीसी अडकलेल्या गरम पाण्याने मऊ पडून सांधा सोडतो. गॅसचा दाब दोन टप्प्यांत उतरवा, पहिला रेग्युलेटर सिलिंडरच्या मॅनिफोल्डवर (सगळे सिलिंडर जिथे जोडतात त्या पाइपवर), दुसरा हीटरपासून दोन-तीन मीटरवर. लांबच लांब पाइप कमी दाबाचा ठेवला की वाटेतच दाब मरतो. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. काडी लावून गळती बघणाऱ्या फिटरला तिथूनच परत पाठवा.

टायमरही बदला. हीटर बंद झाल्यावर पंप आणखी दहा मिनिटं फिरला पाहिजे, एकदम दोन्ही बंद केले तर नळ्यांत राहिलेलं पाणी उकळतं.

कधी लावायचा

पहाटे चारला हीटर लावणं ही सगळ्यात वाईट वेळ. जानेवारीत तेव्हा हवा १५-१६ अंशांवर असते, सिलिंडरला उष्णता मिळायला जागा नाही आणि वाफ कमी पडते. तेच सिलिंडर दुपारी ३० अंशांच्या हवेत बराच जास्त गॅस सलग देतात. म्हणून आदल्या दिवशी सकाळी दहाला, आच्छादन तलावावर असतानाच हीटर सुरू करा. पारदर्शक बुडबुड्यांचं आच्छादन असेल तर ऊनही आत येतं. रात्री दहापर्यंत पाणी २८ ला पोचतं, आच्छादनाखाली सकाळपर्यंत एखादा अंश उतरतं, तेवढं सकाळी पाहुण्यांचा चहा-नाश्ता होईपर्यंत, दोनेक तासांत, भरून निघतं. रात्री कारंजं आणि धबधबा बंद. तो दिसायला छान, पण उष्णता उडवण्यात त्याच्याइतकं पटाईत दुसरं काही नाही.

फेब्रुवारी सरला की हीटरचं काम संपतं आणि तो आठ महिने पडून राहतो. या काळात कुंभारमाशी बर्नरच्या तोंडात मातीचं घर बांधते, कोळी नोझलमध्ये जाळं विणतो आणि बोर्डाच्या पेटीत पाल जाऊन बसते. नोव्हेंबरात पहिल्यांदा पेटवण्याआधी गॅस बंद ठेवून बर्नरचा ट्रे बाहेर काढा, प्रत्येक नोझलमधून उजेड दिसतो का बघा, मऊ ब्रश फिरवा. तार घालू नका, छिद्र मोठं होतं. बंद करताना आतलं पाणी काढून टाका, हवेच्या सगळ्या तोंडांवर बारीक जाळी बांधा आणि ती जाळी लावल्याची चिठ्ठी हीटरच्या स्विचवरच चिकटवा, कारण जाळी न काढता पेटवणारे थोडेथोडके नसतात.